हाय पॉवर एअर रायफल उघडायची असेल तर

प्रश्न : माझ्याकडे बॅरल खाली दुमडून कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची, स्प्रिंगवाली .१७७ एअर रायफल आहे. दुकानदारानं ‘हाय पॉवर’ म्हणून दिली होती. आता प्रत्येक फायरला आत झणझण वाजतं आणि २५ मीटरवर छर्रे तळहाताएवढे पसरतात. मित्र म्हणतात, जाड स्प्रिंग टाक, बॅरल थोडी काप. घरी उघडून हे करता येईल का? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : उघडता येईल. पण जाड स्प्रिंग टाकू नका आणि बॅरलला करवत लावू नका. तुमची तक्रार जोर कमी पडल्याची नाहीच. रायफल झणझणते आणि छर्रे पसरतात, ही तुमची तक्रार आहे. हे दोन्ही दोष जास्त जोरानं जात नाहीत, उलट वाढतात. इंदुरात आणि महूकडे सरावाच्या रायफली दुरुस्त करण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. माझ्या बाकावर सगळ्यात खराब अवस्थेत येते ती हमखास ‘पॉवर वाढवलेली’ रायफल. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या रायफलीत आज किती जोर आहे ते मोजा. क्रोनोग्राफ नावाचं वेग मोजायचं यंत्र असतं. एखाद्या क्लबात किंवा ओळखीच्या नेमबाजाकडे ते मिळतं. त्यावरून एकाच डब्यातले दहा छर्रे मारा आणि दहाही आकडे लिहून ठेवा. पुढचं गणित शाळेतलं आहे. छर्‍याचं वजन किलोग्रॅममध्ये घ्या, वेगाच्या वर्गानं गुणा, निम्मं करा. उत्तर ज्यूलमध्ये येतं. ०.५३ ग्रॅमचा नेहमीचा छर्रा २४० मीटर प्रतिसेकंद वेगानं सुटला तर ऊर्जा सव्वापंधरा ज्यूल होते, २७० ला १९.३ आणि २८० ला २०.८.

या शेवटच्या दोन आकड्यांकडे नीट बघा, कारण कायद्याची रेघ त्यांच्या मधूनच जाते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे .१७७ इंचापेक्षा, मोठा बोअर (नळीचा आतला व्यास) असलेली किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेची एअर रायफल परवान्याच्या कक्षेत येते. चांगल्या अवस्थेतली ‘हाय पॉवर’ रायफल मुळातच त्या रेघेच्या जवळ असते. जाड स्प्रिंगनं वेग दहा मीटरनं जरी वाढला तरी तुमच्या घरात बिनपरवाना शस्त्र येऊन बसतं. दुकानातून आणली तेव्हा ती बिनपरवाना चालत होती, ही सबब मग चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि त्यात शिक्षा तुरुंगवासाची आहे. मी कुणाचीही रायफल या रेघेपलीकडे नेऊन देत नाही. रेघेखाली वेगाची वीस-तीस मीटर जागा मोकळी ठेवतो, कारण हलका छर्रा घातला किंवा आतलं ग्रीस थोडं जळलं की आकडा आपोआप वर जातो.

आता मुद्द्याचं. जोर वाढला की नेम का बिघडतो?

स्प्रिंगच्या रायफलीत हवा आधीपासून साठवलेली नसते. ट्रिगर दाबला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा एवढीशी जागा उरेपर्यंत दाबली जाते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरून दांडा जोरात मारला की बोटाला चटका बसतो, तोच प्रकार इथे शंभर बारच्या आसपास घडतो. दाब पुरेसा झाला की छर्रा हलतो. पण तोवर बंदूक शांत बसलेली नसते. पिस्टन पुढे निघाला त्या क्षणी रायफल मागे सरकायला लागते. पिस्टन हवेच्या उशीवर थांबतो, किंचित उलटा उसळतो, आणि रायफल पुढे ढकलली जाते. सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास हे सगळं आटोपतं आणि छर्रा अजून बॅरलमध्ये असतानाच यातलं बरंचसं घडून गेलेलं असतं. म्हणजे स्प्रिंगची रायफल छर्रा सोडते ती हलता हलता. ही हालचाल दर वेळी सारखी झाली तर छर्रे एका भोकात जातात. दर वेळी निराळी झाली तर पसरतात.

सिलिंडर तेवढाच ठेवून स्प्रिंग जाड केली की पिस्टन जास्त वेगानं पुढे जातो, पण दाबायला हवा तेवढीच असते. समजा सिलिंडरचा आतला व्यास २५ मिलिमीटर आहे आणि पिस्टनचा प्रवास ८०. म्हणजे हवा झाली ३९ घनसेंटिमीटर. ती कमाल किती काम करू शकेल ते जवळपास ठरलेलं आहे. वरचा जोर छर्‍याला मिळत नाही, तो पिस्टनच्या आपटण्यात आणि उसळण्यात जातो. पिस्टनच्या तोंडावरचं हवा अडवणारं सील फाटतं, पिस्टनची दांडी झिजते, ट्रिगरच्या खाचेवर नेमलेल्यापेक्षा जास्त भार येतो, दस्त्याचे स्क्रू आठवड्यात सैल होतात, दुर्बिणीतली नेम धरायची काडी तुटते. मोबदल्यात वेग वाढतो दहा-बारा मीटर, आणि कधी कधी कमीच होतो. जाड तारेच्या स्प्रिंगचे वेढे कॉक करताना एकमेकांना टेकतात, रायफल पूर्ण कॉकच होत नाही. मग लोक वेढे कापतात, मग वॉशर घालतात, आणि शेवटी सगळं पोत्यात भरून आणतात.

बॅरल कापायची सूचना तर त्याहून वाईट. स्प्रिंगच्या रायफलीत छर्‍याला बहुतेक वेग सुरुवातीच्या आठ-दहा इंचांतच मिळून जातो, हे खरं आहे. म्हणूनच ‘थोडी कापली तर काय बिघडतं’ असं वाटतं. पण ती बॅरल तुमचा कॉकिंगचा दांडासुद्धा आहे. चार बोटं कापलीत तर प्रत्येक वेळी कॉक करायला खांद्याला जास्त जोर पडेल आणि दहाव्या फायरनंतर हात थरथरेल. शिवाय काही बॅरली तोंडाशी मुद्दाम केसभर अरुंद केलेल्या असतात, म्हणजे छर्रा शेवटच्या क्षणी सरळ होऊन सुटतो. कापलीत की तो अरुंद भाग गेला. बॅरलचं तोंड करवतीनं कापून कानशीनं सारखं केलं तर छर्‍याच्या शेपटामागून हवा एका बाजूनं आधी निसटते आणि छर्रा डगमगत निघतो.

वेगाबद्दल आणखी एक. आपल्या या कमरेला बारीक असलेल्या छर्‍याला आवाजाच्या वेगाजवळ गेलेलं सोसत नाही. २० अंश तापमानाला आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद. त्याच्या जवळपास हवेचा प्रवाह बिघडतो आणि छर्रा भरकटायला लागतो. डब्यावर मोठे आकडे छापलेल्या रायफलींत हलका मिश्रधातूचा छर्रा घालून जो ‘ठाप’ असा कडक आवाज काढतात, त्यानं कागदावर काही साधत नाही.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की नेम म्हणजे जोर, त्यांनी ऑलिंपिक बघावं. १० मीटर एअर रायफलच्या कागदावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. त्या स्पर्धेच्या रायफली साधारण १७५ मीटर प्रतिसेकंदाच्या, म्हणजे आठ ज्यूलच्या आसपासच्या. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात, आणि गगन नारंगनं २०१२ ला लंडनमध्ये कांस्य. तुमच्या हातातल्या रायफलीत त्याच्या दुपटीच्या आसपास ऊर्जा आहे. आपल्या इथून तासाभरावर महूला लष्कराचं मार्क्समनशिप युनिट आहे, भोपाळला राज्याची नेमबाजी अकादमी आहे. खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर त्या अकादमीत तयार झाला आणि ऑलिंपिकला गेला. तिथल्या मुलांशी बोला. प्रत्येक फायर मागच्यासारखा व्हावा म्हणून ती जीव टाकतात. जोर वाढवायची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकू येणार नाही.

तर आता तुमच्या रायफलीकडे येऊ. उघडण्याआधी बाहेरून ज्या गोष्टी तपासायच्या त्यांतच निम्म्या रायफली बऱ्या होतात.

दस्त्याचे स्क्रू. पुढे दोन्ही बाजूंना एकेक आणि ट्रिगरगार्डपाशी एक किंवा दोन असतात. बहुतेक वेळा पुढचे सैल सापडतात. सैल दस्त्यात यंत्रणा प्रत्येक फायरला नव्या जागी बसते, मग छर्रे एका जागी कसे जातील? काढा, तेल पुसा, स्टार वॉशर नसेल तर घाला, आणि बेतानं आवळा. लाकूड चिरडेपर्यंत नको. त्यानंतर बॅरल जिथे मोडते तो मुख्य बोल्ट. बॅरल उघडून अर्ध्यावर धरा आणि डावी-उजवी हलवा. खुळखुळली तर बोल्ट आवळायचा. बॅरल आपल्या वजनानं खाली पडणार नाही, जिथे सोडाल तिथे थांबेल, इतपतच.

मग ब्रीचचं सील, म्हणजे बॅरल बंद होते त्या सांध्यातली ती छोटी रिंग. टिशू पेपरची बारीक पट्टी सांध्यावर ठेवा, छर्रा घालून सुरक्षित टार्गेटवर फायर करा. पट्टी फडफडली तर हवा गळतेय. रिंग स्वस्त असते आणि सुईनं काढून नवी बसवायला पाच मिनिटं लागतात. गळकी रिंग बदलल्यावर ‘पॉवर परत आली’ म्हणून आनंदानं फोन करणारे पुष्कळ आहेत.

बॅरलचं तोंड तपासायला कापसाची काडी घ्या. आतून बाहेर अशी कडेवरून फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, आहे. गोल डोक्याचा पितळी स्क्रू, त्यावर व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट, आणि हातानं हलके हलके, स्क्रू सगळ्या दिशांना झुकवत फिरवायचा. ड्रिल मशिनला लावून घाईनं करू नका. आत कापडाचा बोळा आधी कोंबून ठेवा, नाहीतर पेस्ट बॅरलच्या आतल्या खाचांत जाते.

दुर्बीण लावली असेल तर तिचं माउंट मागे सरकलंय का बघा. स्प्रिंग रायफलीचा धक्का दोन्ही दिशांना असतो. साध्या बंदुकीसाठी बनवलेली दुर्बीणही तो सोसतेच असं नाही, म्हणून ‘एअरगनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलीच घ्यावी. आणि शेवटी छर्रे. ४.५०, ४.५१, ४.५२ अशी डोक्याची मापं मिळतात. कुठलं माप तुमच्या बॅरलला आवडतं ते कागदच सांगेल. वेगवेगळ्या डब्यांचे पाच-पाच मारून बघा. २५ मीटरवर पाच छर्रे दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आले की या जातीच्या रायफलीकडून आणखी फारसं मागू नये.

धरण्याची पद्धत हीसुद्धा याच यादीत येते, आणि इथे मला जोर देऊन सांगायचंय. पुढचा हात उघडा ठेवा, रायफल तळव्यावर नुसती टेकवा, बोटांनी आवळू नका. खांद्यालाही हलकी. तिला मागे-पुढे सरकायला मोकळीक द्या, दर वेळी तेवढीच. वाळूच्या पोत्यावर थेट बॅरल टेकवून नेम धरणाऱ्याचे छर्रे पसरणारच. फायरनंतर नजर काडीवरून हटवू नका, कारण छर्रा तेव्हा कुठे निघत असतो.

हे सगळं करून बघितलंत आणि तरीही झणझण आहे, तर आता उघडायची. झणझण म्हणजे स्प्रिंगचे वेढे आतल्या सैल गाइडवर (स्प्रिंगला आतून आधार देणाऱ्या दांडीवर) आणि पिस्टनच्या भिंतीवर आपटतात तो आवाज. ते आतून काम केल्याशिवाय जात नाही.

उघडताना पहिली गोष्ट : रायफल रिकामी आणि अनकॉक. बॅरल मोडून आरपार उजेड बघा. कॉक केलेली रायफल उघडायला घेणं म्हणजे पूर्ण दाबलेली स्प्रिंग हातात घेणं. कॉक होऊन अडकली असेल तर ती तशीच जाणकाराकडे न्या, बॅरल दोरीनं बांधून, म्हणजे सुटली तरी मिटणार नाही. दुसरी गोष्ट : अनकॉक असली तरी आतली स्प्रिंग मोकळी नसते. बसवतानाच ती काही सेंटिमीटर दाबलेली असते आणि मागचं झाकण तो सगळा जोर धरून असतं. काही रायफलींत झाकण दोन आडव्या पिनांवर, काहींत आट्यांवर. पिन बाहेर आली की झाकण गोळीसारखं मागे येतं. ओळखीच्या एका वर्कशॉपच्या पत्र्यात अशा झाकणाचा खळगा आजही आहे. त्या जागी माणसाची हनुवटी असती.

म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसर हवाच. घरी करायचा तर जाड सागवानी फळी, एका टोकाला बॅरलच्या बाजूची ठोकळी, दुसऱ्या टोकाला आट्यांचा लांब बोल्ट आणि त्यावर झाकणाच्या मापाचा लाकडी टेकू. लोहारी कामाचा मोठा क्लॅम्पही चालतो, पण तो सरकणार नाही असा पक्का बसवा. झाकण किंचित दाबून पिनवरचा भार काढा, पिन बोटानं सहज निघाली पाहिजे. हातोडीनं ठोकावी लागतेय म्हणजे भार अजून तिच्यावरच आहे. पिन निघाल्यावर बोल्ट हळूहळू मागे घ्या. चेहरा आणि छाती झाकणाच्या रेषेत नको. डोळ्यांवर चष्मा हवा. घरातल्यांना त्या खोलीत फिरकू देऊ नका, विशेषतः मुलांना.

दस्ता काढल्यावर आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. ट्रिगरच्या बारक्या स्प्रिंगा कुठल्या बाजूनं बसल्या होत्या हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

आत काय दिसेल ते सांगतो. पिस्टन ओढून काढला की बहुधा पहिल्यांदा काळपट राखाडी चिखल दिसतो : जुनं ग्रीस आणि घासलेल्या लोखंडाची पूड. तो पेट्रोलनं धुऊ नका, रॉकेलनं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. घरात नको, गच्चीवर किंवा अंगणात. मग स्प्रिंग काचेवर लोटवा. सरळ असेल तर गडगडत जाते, वाकलेली असेल तर उड्या मारते. वाकलेली म्हणजे गेली, नवी घ्या, पण त्याच मापाची : तार तेवढीच, बाहेरचा व्यास तेवढाच, वेढे तेवढेच. पिस्टनच्या अंगावर उभे चकचकीत पट्टे असतील, सिलिंडरला घासल्याचे. ते कुठे आहेत ते खुणेनं लिहून ठेवा, तिथेच काम आहे. सीलची कड नखानं चाचपा. एका बाजूला चपटी किंवा जळकी तपकिरी झाली असेल तर तेलाचा भडका उडत होता.

हा भडका काय असतो ते समजून घ्या. दाबाखाली हवा एवढी तापते की आत साधं मशीन ऑइल असेल तर ते पेटतं. नव्या रायफलीच्या तोंडून धूर आणि जळका वास येतो तो त्यामुळे. काही लोक ‘कडक आवाज येतो’ म्हणून मुद्दाम छर्‍याच्या मागे तेलाचा थेंब टाकतात. त्यानं सील जळतं, स्प्रिंग मोडते, आणि दर छर्‍याला वेगळा वेग मिळतो. हे कधीही करू नका.

आता बदल. माझ्या मते स्प्रिंग रायफलीत करण्यासारखे खरे बदल एवढेच आहेत आणि ते सगळे शांत करणारे आहेत.

सगळ्यात मोठा फरक स्प्रिंगच्या गाइडनं पडतो. कारखान्यातला पत्र्याचा किंवा सैल प्लॅस्टिकचा गाइड काढा आणि डेलरिन नावाच्या कडक प्लॅस्टिकचा नवा खरादवाल्याकडून करून घ्या. इंदूरच्या सियागंज बाजारात चौकशी केलीत की प्लॅस्टिकचे गज विकणारा सापडेल. माप असं हवं की मोकळी स्प्रिंग गाइडवर हातानं थोडी रेटून, किंचित पिळून चढावी. दाबली गेली की स्प्रिंगचा व्यास केसभर वाढतो, त्यामुळे काम करताना ती अडकत नाही, आणि सुटल्यावर गाइडला धरून थांबते, कंप पावत नाही. खरादवाल्याला जुना गाइड आणि स्प्रिंग दोन्ही हातात द्या, नुसता आकडा देऊ नका. झणझण नव्वद टक्के इथेच थांबते.

स्प्रिंगची दोन्ही टोकं बारीक कानशीनं आणि मग पॉलिश पेपरनं सपाट, गुळगुळीत करा, म्हणजे सुटताना ती पिस्टनला पिळत नाही. पिस्टनवरची आणि सिलिंडरच्या खाचेची धारदार कड, जिथे कॉकिंगचा दांडा सरकतो, ती बारीक कानशीनं मोडा. नाहीतर नवं सील घालताना तीच कड ते सोलून काढते. असं सोललेलं सील घेऊन लोक ‘डुप्लिकेट माल’ म्हणून दुकानदाराशी भांडतात. नवं सील सिलिंडरमध्ये अंगठ्याच्या बेताच्या जोरानं सरकायला हवं. फार घट्ट असेल तर पिस्टन लेथवर मंद फिरवत बारीक पेपरनं सील थोडं थोडं उतरवा आणि दर वेळी घालून बघा.

ग्रीस हा असा विषय आहे जिथे लोक हात सैल सोडतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट पिस्टनच्या अंगाला, दोन्ही टोकांपाशी, बोटानं पुसल्यासारखी पातळ. सीलच्या पुढच्या तोंडाला काहीही नाही. स्प्रिंगला चिकट डांबरी ग्रीस, तेही ओघळणार नाही इतकं. जास्त लावलंत तर जानेवारीतल्या सकाळी, पारा आठ-दहावर असताना, ते घट्ट होऊन वेग पाडेल, आणि मे महिन्यात चाळिशीपार गेल्यावर पातळ होऊन पुढे सरकेल आणि जळेल. आपल्या माळव्याच्या हवेत हा फरक क्रोनोग्राफवर स्पष्ट दिसतो. जुन्या रायफलींत चामड्याचं सील असतं. त्याला मात्र अधूनमधून तेलाचे दोन-तीन थेंब लागतात, नाहीतर ते सुकून आकसतं. सिंथेटिक सीलला तेलाची गरज नाही. तुमचं कुठलं आहे ते उघडल्यावर दिसेलच.

ट्रिगरला हात लावायची इच्छा होईल. बाहेरून जे स्क्रू दिले आहेत त्यांनी पहिली ओढ आणि वजन जुळवा, त्यापलीकडे थांबा. ज्या खाचेवर पिस्टन अडकून राहतो ती घासून ‘हलका ट्रिगर’ करणारे कारागीर आहेत. पाणी देऊन कडक केलेला त्या खाचेचा वरचा थर पातळ असतो. तो गेला की आतलं मऊ लोखंड रोज थोडं खचतं आणि एक दिवस बॅरल उघडी असताना, छर्रा घालणारं बोट ब्रीचमध्ये असताना, पिस्टन सुटतो. बॅरल त्या बोटावर मिटते. त्यासाठी असलेली सेफ्टीची पट्टी काढून टाकू नका, आणि छर्रा घालताना दुसऱ्या हातानं बॅरल घट्ट धरून ठेवायची सवय कायमची लावा. मी शिकवायला घेतलेल्या प्रत्येक मुलाला छर्रा हातात देण्याआधी हे दहादा करायला लावतो.

तुमच्या मित्रांपैकी कुणाकडे हवा भरून ठेवायची, पीसीपी जातीची रायफल असेल तर वरचं काहीही तिला लावू नका. तिच्या नळीत २०० ते ३०० बार हवा कोंडलेली असते. आत दाब असताना एकही आटा सैल करायचा नाही. आधी कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीनं हवा पूर्ण सोडा आणि नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका, कारण मीटरचा काटा अडकतो. ओ-रिंगला सिलिकोन ग्रीस, साधं तेल कधीच नाही. सिलिंडरला भोक, वेल्डिंग, घरगुती झाकण, यातलं काही म्हणजे काही नाही. हवेऐवजी ऑक्सिजन भरला तर तेलाच्या लवलेशानंही स्फोट होतो. ते काम कंपनीच्या सर्व्हिसकडेच पाठवा.

परत जोडताना क्रम उलटा, पण घाई तेवढीच कमी. झाकण पुन्हा कॉम्प्रेसरनंच दाबा. पिन दोन्ही बाजूंना सारखी बाहेर आहे का बघा. दस्ता घालण्याआधी एकदा हळूच कॉक करा, खाच नीट अडकते का ऐका, बॅरल धरूनच ठेवा. रिकामी फायर करू नका. पुढे छर्रा नसला की हवेची उशी बनत नाही आणि पिस्टन सरळ लोखंडावर आदळतो. आत्ताच घातलेलं नवं सील त्या एका फायरला खराब होऊ शकतं.

मग पुन्हा क्रोनोग्राफ. सुरुवातीच्या छर्‍यांना वेग जास्त दिसेल, थोडा धूरही येईल, कारण लागलेलं ग्रीस जळतंय. त्या आकड्यांवर खूश होऊ नका आणि घाबरूही नका. शंभरेक छर्‍यांत तो खाली येऊन स्थिर होतो. स्थिर झाल्यावरचे दहा छर्रे तुमच्या पहिल्या दहांशेजारी लिहा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांतलं अंतर तीन-चार मीटर असेल तर काम उत्तम झालं. वेग आधीपेक्षा पाच मीटरनं कमी आला आणि अंतर बारावरून तीनवर आलं, तर हा सौदा मी डोळे मिटून घेईन. ऊर्जेचं गणित त्याच वहीत करा. २० ज्यूलच्या आत आहे ना, तारखेसकट लिहून ठेवा. चुकून वर गेला असेल तर स्प्रिंगमागचं एखादं वॉशर काढून पुन्हा मोजा, तोवर रायफल वापरू नका.

सराव कुठे करायचा तेही सांगून ठेवतो. गच्चीवर, शेजारच्या भिंतीकडे तोंड करून नाही. छर्रा कडक वस्तूवरून परत उडतो. मागे जाड लाकडी पेटीत जुनी कापडं ठासून किंवा वाळू भरून, तिच्यामागे भिंत, आणि बाजूनं कुणी येणार नाही अशी जागा हवी. कबुतरं, पोपट, वटवाघळं यांच्यावर तर नाहीच. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि त्यात एअर रायफलला सूट नाही.

रायफल क्लबात नेताना कव्हरमध्ये, छर्रे वेगळ्या पिशवीत, आणि खरेदीची पावती सोबत. गाइडचं माप घेऊन खरादवाल्याकडे निघण्याआधी स्प्रिंगची तार आणि आतला व्यास व्हर्निअरनं तीन ठिकाणी मोजा. जुनी स्प्रिंग मधल्या वेढ्यांत टोकांपेक्षा निराळी निघते, आणि गाइड नवीन स्प्रिंगच्या मापानं करायचा असतो.